जनावर, पशू, प्राणी : माणूस कशात मोडतो?

प्रश्न (लातूर) : पोराच्या पुस्तकात 'माणूस हा प्राणी आहे' असं आलं आणि घरात वाद पेटला. वडील म्हणतात, 'प्राणी आसंल, जनावर न्हाई.' हे दोन शब्द वेगळे धरायचे का?

परभणी : वडलांचा कान तयार आहे. मुळात दोन्हींचा अर्थ एकच. प्राणी म्हणजे प्राण असलेला, फारसीतून आलेलं जनावर म्हणजे जान असलेलं. फरक पडला तो वापरानं. आपल्याकडं 'जनावरं किती?' विचारलं की बैल, गाई, म्हशी, वगारी मोजतात. दारातलं कुत्रं त्या हिशेबात नसतं. रात्री 'जनावर निघालं' म्हणलं तर साप, कारण तेव्हा त्याचं नाव घेत नाहीत. कायद्यात मात्र उलटं : प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा (१९६०) प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव असंच धरतो.

गंमत पुढं आहे. 'त्याला जनावरासारखं मारलं' यात जनावर मार खाणारं. 'तो जनावरासारखा वागला' यात मारणारं. पण गोठ्यातलं जनावर बहुतेक मारच खातं, तरी क्रौर्याला नाव त्याचंच!

नांदेड : पशू राहिला की. शैव मंडळी त्याचा संबंध पाशाशी लावतात : पाशात अडकलेला जीव तो पशू, सोडवणारा पशुपती. म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे पशूच. 'आहारनिद्राभयमैथुनं च' हा श्लोक मात्र धर्म ही माणसाची जादा बाजू मानतो आणि धर्म सुटला की माणूस पशूसमान म्हणतो. जी रेघ वागण्यावर पुसली जाते ती जन्माची कशी?

पैठण : पण रेघ बहुतेकांनी वाचेवर ओढली. 'मुकं जनावर' हा शब्द तेच सांगतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६३७ मध्ये हेच मांडलं : जनावर अर्थ धरून बोलत नाही, म्हणून त्याला बुद्धी नाही. आमच्या नागघाटावरची रेड्याची कथा या कसोटीला उत्तर देते, पण कसोटी मान्य करून. आत्मा एकच हे पटवायला रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले. पैठणच्याच एकनाथांची कथा बघा : काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. तिथं गाढवाला कुणी बोलायला लावलं नाही, तहान लागली एवढं पुरलं. १७८९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमनं विचारलं ते हेच : त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्न नाही, यातना होतात का, हा आहे. माझं मत नाथांच्या बाजूनं.

हिंगोली : आमच्याकडं 'मुकं' हे हिणवायला नाही, दटावायला वापरतात : 'मारायलास कामून, मुकं जनावर हाय ते.' आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, त्याच मुक्याला अहो-जाहो : 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' हळद-तूप चोळून घेताना बैल मान खाली घालून उभा राहतो, ते आमंत्रण कळून की खाज भागते म्हणून, हे देकार्तला विचारा. पोळा सरला की मात्र त्याच तोंडी 'हाल ढोरा'.

लातूर : वडलांना रेड्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, 'ती बोलवणाराची करामत. रेड्याचं काय त्यात?' गाढवावर मात्र गप्प बसले. आता पोरगं विचारतंय, पेपरात काय लिहू?

परभणी : प्राणी लिही म्हणावं. एक मार्क आहे.