कॅनडात पोचल्यावरची सरकारी मदत अजून मिळते का? एजंट ४५ हजार मागतोय

बोरिवलीचे_बाबा
नमस्कार मंडळी. धाकट्या मुलीच्या कुटुंबाचं कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, झालं. अर्ज जावयांच्या नावावर, ते आयटीत आहेत. मुलगी गोरेगावला बालवाडीत शिकवते, शिक्षण मराठी माध्यमातलं. नातू ६ वर्षांचा. ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला जाणार आहेत. इथला एक सल्लागार 'सेटलमेंट पॅकेज'चे ४५ हजार मागतोय. सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा तिथला सरकारी क्रमांक), हेल्थ कार्ड (सरकारी आरोग्यविम्याचं), इंग्रजीचा क्लास, शाळाप्रवेश, सगळं करून देतो म्हणतो. हे तिथलं सरकार फुकट करतं असं ऐकलंय, पण आता निधी कापला असंही कानावर येतंय. जावई निभावून नेतील. काळजी मुलीची आहे, ती बँकेच्या फोनवरही इंग्रजीत बोलायला कचरते. खरं काय ते सांगा.

दहिसरकर
काका, एक रुपयाही देऊ नका. सिन नंबर सर्व्हिस कॅनडाकडून फुकट मिळतो. हेल्थ कार्डही फुकट. ओंटारिओत पूर्वी त्यासाठी तीन महिने थांबावं लागायचं, ती अटही २०२० मध्ये काढली.

मुलुंड_पूर्व
काका, मी नवऱ्याच्या नोकरीमागे मिसिसागाला गेले होते, आता मुलुंडला परत आलेय. तुमच्या मुलीच्या जागी मी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तिथल्या केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं, आयआरसीसी, स्वतः वर्ग चालवत नाही. ते स्थानिक संस्थांशी, शाळा मंडळांशी करार करून पैसे देतं आणि त्या संस्था नव्याने आलेल्यांना फुकट सेवा देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ चं पीआरचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. पाठोपाठ सेटलमेंटच्या, म्हणजे नव्याने आलेल्यांना स्थिरावायला मदत करणाऱ्या या सेवांच्या, निधीलाही कात्री लागली, काही ठिकाणी वर्ग बंद पडले. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण सेवा सुरू आहेत.

मला या कपातीचा मनापासून राग येतो. नवे लोक कमी येणार म्हणून पैसे कमी, पण आधीच्या वर्षांत आलेले अजून भाषा शिकतच असतात, त्यांचं काय? आणि फटका बसतो तो सोबत गेलेल्या बायकांना. मुख्य अर्जदाराने इंग्रजीची परीक्षा देऊन गुण मिळवलेले असतात, जोडीदाराला ती सक्ती नसते. जावयांना ऑफिस बोलायला लावेल. मुलीला कोण लावणार?

मला लावलं ते 'लिंक'च्या वर्गाने. नव्याने आलेल्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारा हा भाषेचा वर्ग. डॉक्टरची वेळ फोनवर कशी घ्यायची, हे शिकवताना बाईंनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, कारण फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. माझ्या पाठीमागे सीरियाहून आलेली एक आजी रिसेप्शनिस्ट झाली होती. माझं आडनाव तिला काही केल्या लागेना. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, तिने ते वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर मी क्लिनिकला खरा फोन केला. शेजारच्या खोलीत आमची मुलं सांभाळायची सोय होती, तिचे पैसेही याच निधीतून यायचे. ती खोली बंद झाली की कितीतरी आयांचा वर्ग सुटतो.

मुलीला सांगा, पीआर मंजुरीचं पत्र हातात असेल तर मुंबईतूनच प्री-अरायव्हल, म्हणजे निघण्यापूर्वीच्या मार्गदर्शनाच्या, सेवेत नाव नोंदव, ऑनलाइन आणि फुकट आहे. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात भाषेच्या चाचणीची वेळ मागायची. पातळी ठरल्याशिवाय लिंकच्या वर्गात घेत नाहीत, आणि रांगा असतात.

ठाण्याचा_सागर
पण त्यांच्या करदात्यांनी हे का भरावं? आपल्या मुंबईत रोज माणसं उतरतात, त्यांना कोण देतं?

मुलुंड_पूर्व
द्यायला हवं, सागर. केरळ देतंच की. तिथल्या साक्षरता मिशनचा 'चंगाती' उपक्रम परराज्यांतल्या कामगारांना मल्याळम शिकवतो. आणि कॅनडात पीआरवाला पहिल्या पगारापासून कर भरतो. भाषा आली की बाई लवकर कामाला लागते, तीही भरते.

चेंबूरची_आई
एक लक्षात ठेवा, केंद्राच्या निधीतल्या या सेवा पीआरवाल्यांसाठी आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांसाठी आहेत. माझा मुलगा स्टुडंट व्हिसावर गेला, त्याला वर्गात घेतलं नाही. नागरिकत्व घेतल्यावरही हा हक्क जातो.

बोरिवलीचे_बाबा
खूप आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. नातवाच्या शाळेचं कसं? आणि तिचा बालवाडीचा अनुभव तिथे धरतील का?

मुलुंड_पूर्व
शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, सरकारी शाळेत फी नाही. भाडेकरार आणि लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. बऱ्याच शाळांत सेटलमेंट वर्कर येतात, तेही याच निधीतून. कोणता फॉर्म कुठे द्यायचा इथपासून मदत करतात, त्यांना आवर्जून भेटायला सांगा.

बालवाडीचं म्हणाल तर ओंटारिओत 'अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर' हा नोंदणीचा पेशा आहे, नुसत्या अनुभवावर ते पद मिळत नाही. पण मदतनीस म्हणून सुरुवात करता येते. तिची गुणपत्रकं, अभ्यासक्रमाची प्रत आणि शाळेचं अनुभवपत्र निघण्यापूर्वी घ्या, नंतर तिथून मागवताना नाकी नऊ येतात. आणि सल्लागाराला टोकन दिलं असेल तर पावती घेऊन जा आणि याच आठवड्यात परत मागा.