म्हशीला मेंदूच्या हार्मोनची सुई दोनदा का देतात?

मंगळवेढ्याचा_गडी:
आमची पंढरपुरी म्हैस व्यायली त्याला पाच महिने झाले तरी माजावर आली नाही, म्हणजे आली पण असेल, उन्हाळ्यात मुका माज कुठं कळतोय. डॉक्टरांनी आज एक सुई टोचली, सातव्या दिवशी दुसरी अन् नवव्या दिवशी परत आजचीच म्हणे. मेंदूतलं हार्मोन हाय म्हणाले. आता अडचण खाली अन् औषध मेंदूचं, हे कसं काय? अन् एवढं भारी असेल तर रोजच टोचा की.

गुरांचा_डॉक्टर:
अंडाशय स्वतःच्या मनानं काही करत नाही हो. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग जीएनआरएच सोडतो, हेच तुमच्या पहिल्या अन् नवव्या दिवसाच्या सुईतलं हार्मोन, ते बारीक रक्तवाहिन्यांतून थेट खालच्या पिट्युटरी ग्रंथीत उतरतं आणि मग पिट्युटरी एफएसएच आणि एलएच सोडते. एफएसएचनं फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढतं, एलएचची मोठी लाट आली की ते फुटून बीज सुटतं. पहिल्या सुईनं तयार फॉलिकल असलं तर फुटतं आणि नव्यांची खेप सुरू होते. सातव्या दिवसाची प्रोस्टाग्लँडिनची, तिचा मेंदूशी संबंध नाही, ती अंडाशयावरचा सीएल, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं बनणारी, माज रोखणारी गाठ, विरघळवते. नवव्या दिवशी नवं फॉलिकल फोडायचं. त्यानंतर 16 ते 20 तासांनी भरवा, माज दिसो न दिसो.

झूलॉजीवाली_सोलापूर:
रोज नको हं, उलटंच होईल! 1978 मध्ये शास्त्रज्ञ नोबिल यांच्या टीमनं माकडांवर दाखवलं, जीएनआरएचचा तासाला एक डोस दिला तर एलएच-एफएसएच व्यवस्थित, सलग सोडत राहिलं की दोन्ही बसले. पिट्युटरी दाद द्यायचीच बंद होते. म्हणून तर प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ह्याच जातीचं औषध टेस्टोस्टेरॉन पाडायला देतात. बाय द वे हा जीएनआरएचचा रेणू फक्त दहा अमिनो आम्लांचा, पण तो हुडकायला शॅलीनं डुकरांचे अन् गिलमाँनं मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस ढिगानं गोळा केलेले, 1977 ला दोघांना नोबेल.

मंगळवेढ्याचा_गडी:
बरं झालं विचारलं. रेडकू अजून दिवसभर पितंय, त्यानं काय फरक पडतो का?

गुरांचा_डॉक्टर:
पडतो तर! पिण्यानं जीएनआरएचचे ठोके मंदावतात, मग एलएच पुरेसं येत नाही आणि माज लांबतो. धारेपुरतंच सोडा, बाकी वेळ लांब बांधा. आणि दुपारी अंगावर पाणी मारा, म्हशीला घाम फार कमी येतो, आपल्याकडचं ऊन तिला झेपत नाही.