नियंत्रण बिंदूंची यादी क्यूजीआयएसमध्ये आणून जुना नकाशा भूसंदर्भित कसा करावा?

प्रश्न (आचरा, ता. मालवण)

नमस्कार. आचरा खाडीच्या मुखाचा एक जुना छापील नकाशा मी स्कॅन केला आहे. मुखाजवळचा वाळूचा दांडा किती सरकला, हे तो नकाशा आजच्या उपग्रह प्रतिमेवर ठेवून मला पाहायचे आहे. त्यासाठी नियंत्रण बिंदू म्हणून, म्हणजे नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या, १४ ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हातातल्या जीपीएसने घेतले: रामेश्वर मंदिराच्या आवाराचा कोपरा, जेटीचे टोक, दोन विहिरी, रस्त्यांचे तिठे इत्यादी. नाव, अक्षांश आणि रेखांश अशा तीन स्तंभांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल तयार आहे. परंतु क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेले चित्र खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्याचे, म्हणजे भूसंदर्भित करण्याचे साधन) ती उघडल्यास एकही बिंदू उमटत नाही. काय चुकते आहे?

उत्तर १ (रत्नागिरी)

आपल्या फाइलमध्ये अर्धीच माहिती आहे. जिओरेफरन्सरला प्रत्येक बिंदूच्या दोन जागा लागतात: जमिनीवरची आणि चित्रातली. त्याच्या पॉइंट्स फाइलमध्ये आधी नकाशाचे एक्स आणि वाय, मग चित्राचे एक्स आणि वाय, आणि त्यानंतर तो बिंदू वापरायचा की नाही हे सांगणारा १ किंवा ० असा क्रम असतो. चित्राची मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते आणि खाली जाताना वाय ऋण होतो. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या प्रणालीत मोजलेले धन आकडे तसेच भरल्यास बिंदू चित्राच्या बाहेर पडतात.

आपल्याकडे चित्रातल्या जागा नाहीत, म्हणून सीएसव्ही मुख्य नकाशात मर्यादित-मजकूर स्तर (अशा फाइलमधले बिंदू नकाशावर दाखवणारा थर) म्हणून उघडा आणि नावे लेबल म्हणून दाखवा. मग जिओरेफरन्सरमध्ये स्कॅनवर क्लिक करून 'नकाशावरून' हा पर्याय घ्या आणि तोच बिंदू मुख्य नकाशात टिपा. चौदाच बिंदू असल्याने आकडे हाताने भरले तरी चालेल. काम झाल्यावर बिंदू अवश्य साठवून ठेवा. मात्र ती फाइल त्याच स्कॅनला लागू पडेल; कागद पुन्हा स्कॅन केल्यास चित्रातल्या जागा बदलतात.

उत्तर २ (देवगड)

एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश, हे आधी तपासा. आपल्या यादीत अक्षांश पहिला आहे. तो एक्स मानला गेला तर आचरा नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडेल. अंतरे मीटरमध्ये मोजायची असल्याने अंतिम चित्रासाठी यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये जागा सांगणारी प्रणाली घ्या; यादीत तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी:३२६४३ आहे. छापील नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांच्या रेघाही नियंत्रणासाठी वापरणार असाल, तर तो एव्हरेस्ट गोलाभावर (भारताच्या जुन्या नकाशांसाठी मानलेला पृथ्वीचा आकार) आधारलेला आहे का ते समासात पाहा. तसे असून ते आकडे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ प्रणालीतले समजून भरल्यास सगळे चित्र शंभर मीटरहून अधिक सरकू शकते, आणि आपण नेमके सरकणेच मोजायला निघाला आहात.

माझा खरा आग्रह बिंदूंच्या मांडणीबद्दल आहे. किनारपट्टीत रस्ता समुद्राला समांतर जातो आणि आपणही त्याच रस्त्याने बिंदू घेत जातो. मग ते एका ओळीत येतात आणि आडव्या दिशेला चित्राला आधार उरत नाही. खाडीच्या दोन्ही तीरांवर आणि आत सड्यावरही (जांभ्याच्या पठारावरही) बिंदू घ्या. भरतीची रेषा किंवा वाळूचे टोक नियंत्रणासाठी घेऊ नका, कारण तेच तर बदलते आहे. पहिल्या घाताच्या बहुपदी रूपांतरणाला (चित्र जमिनीवर बसवण्याचे साधे गणिती सूत्र) किमान ३ बिंदू पुरतात, दुसऱ्या घाताला ६ लागतात. १४ बिंदूंवर पहिल्यापासून सुरुवात करावी. थिन प्लेट स्प्लाइन हा रूपांतरणाचा दुसरा प्रकार तूर्त टाळा, कारण त्यात चित्र प्रत्येक बिंदूवर ओढून बसवले जाते आणि चुकीचा बिंदू अवशेषांत (बिंदूची दिलेली जागा आणि रूपांतरणातून आलेली जागा यांतल्या फरकांत) दिसतच नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. स्तंभ खरोखरच उलटे होते. आता १३ बिंदूंचे अवशेष थोडे आहेत, पण जेटीच्या टोकाचा फरक सुमारे ४० मीटर येतो.

उत्तर २

जेटी नंतर वाढवली आहे का, हे गावातल्या वयस्क मच्छीमारांना विचारा. तसे असल्यास तो बिंदू पुसू नका. जिओरेफरन्सरच्या बिंदूंच्या यादीत त्याच्यापुढची 'वापरायचा' ही खूण काढून ठेवा आणि रूपांतरण पुन्हा चालवा.

प्रश्नकर्ता

विचारले. जेटी वाढवलेली आहे, आणि जुने टोक दाखवणारा जांभ्याचा चौथरा अजून शाबूत आहे. उद्या ओहोटीला त्याचा बिंदू घेतो.