तिसरीच्या पोरांना कोल्हापुरातच कुठं न्यावं? (वॉटर पार्क सोडून सांगा)

पेठेतल्या बाई:
नमस्कार मंडळी, मी तिसरीला शिकवते, वर्गात 34 पोरं. दरवर्षी सहल म्हणजे बस, वॉटर पार्क आणि येताना निम्मी पोरं ओकत येणार. यंदा म्हटलं परिसर अभ्यास पुस्तकातनं बाहेर काढूया, चालत किंवा केएमटीनं (शहराच्या बसनं) जाता येईल असं काहीतरी. पण पालक आत्तापासूनच म्हणायला लागलेत, बाई शिकवायचं सोडून फिरवाय निघाल्या. कुणी नेलंय का पोरांना? खर्च कमी पाहिजे.

उसकरी:
बाई, गुऱ्हाळ बघा, सीझन चालू हाय तोवर. आमच्या गावातल्या गुऱ्हाळावर मागच्या वर्षी चौथीची पोरं आलेली. रस उकळाय लागला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात, मग मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात, हे बघून एक पोरगं म्हणालं भाजीतली भेंडी गुळात कशाला, आणि गुळव्यानं पाच मिनिटं चुलवाणाकडं बघायचं सोडून त्याला समजावून सांगितलं. फक्त काईलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) पोरं लांब ठेवा, दोरी बांधा, ते लई डेंजर काम हाय. दहा दहाच्या टोळ्या करून सोडा.

रंकाळाकाठ:
गुऱ्हाळ भारीच, पण त्याला गाडी लागणार की. टाऊन हॉलचं म्युझियम चालत होतंय. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे तिथं, म्हणजे समुद्राचा ग्रीक देव, मूर्ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. पोरांना आधी पंचगंगेच्या घाटाकडनं ब्रह्मपुरी दाखवा आणि मगच म्युझियमला न्या, उलटं केलं तर मजा गेली. समुद्र इथनं एवढा लांब, मग हा देव आला कसा, हे त्यांनाच विचारू दे.

आईसाहेब:
मी पालक म्हणून बोलते, राग मानू नका. माझ्या पोरीच्या शाळेनं एका दिवसात भवानी मंडप, न्यू पॅलेस, रंकाळा, कुंभार गल्ली सगळं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' वर वीस ओळी. पोरीला लक्षात काय राहिलं तर भेळ. त्यापेक्षा एकच जागा धरा. आणि निबंध नको ओ!! संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन येतात ना, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, तिथं पोरांनी नुसतं विचारलं की म्हस किती लिटर देते, वैरण कितीची लागते, तर गणिताचा आठवडा निघतोय बघा. फक्त वेळ शाळा सुटल्यावरची, मग पालकांनाच सोबत घ्या, म्हणजे तक्रार करायला कोण उरणार नाही 😄

रंकाळाकाठ:
हे बेस्ट. आणि कच्चं दूध पोरांना देऊ नका, उकळून घरी प्या म्हणावं.

पेठेतल्या बाई:
आईसाहेब, वीस ओळींचं पाप मी पण केलंय, आता नाही. दोनच ठरवलं, पुढच्या आठवड्यात दूध कट्टा आणि संक्रांतीनंतर गुऱ्हाळ. गुऱ्हाळवाल्या मामांना फोन पण झाला, म्हणाले या की, पण पोरं उपाशी आणू नका, काकवी लई चाटतील आणि मग पोटात दुखाय लागलं की तुम्हीच बोंबलाल.