नव्या गाडीचे गॅप (पत्र्यांमधल्या फटी) आणि लाईन (कडा एका रेषेत येणं) : सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

जुळे सोलापूर (धागा मी काढतोय)
पाडव्याला गाडी घेतली. वडिलांच्या रिटायरमेंटचे थोडे पैसे आणि माझं सात वर्षांचं लोन. शोरूममध्ये हार, पेढे, फोटो यात काही दिसलंच नाही, तिथून थेट सिद्धेश्वर मंदिरात पूजेला गेलो आणि आई नारळ घेऊन गाडीसमोर उभी राहिली तेव्हा म्हणाली, बॉनेट नीट लागलं नाही का रे? लागलं होतं. डावीकडची फट उजवीपेक्षा मोठी होती. घरी मोजायला काही नव्हतं म्हणून जुनी एटीएम कार्डं एकावर एक धरून घालून बघितली, उजवीकडे चार कशीबशी, डावीकडे सात आरामात. एक कार्ड पाऊण मिलीमीटर धरलं तर एकीकडे तीन आणि दुसरीकडे सव्वापाच मिमी झाले. सर्व्हिसवाले म्हणतात "सर, टॉलरन्समध्ये आहे, एवढा फरक चालतो, सगळ्या गाड्यांना असतं." शेजारीच त्याच मॉडेलची गाडी उभी होती, तिला दोन्हीकडे सारखं. मला भांडायचं नाहीये, गाडी नीट पाहिजे. जे यातून गेलेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

विजापूर रोड
आमच्या मागच्या दरवाज्याचं होतं. बाहेरून फक्त जरासा वर आलेला दिसायचा, पण पुण्याला जाताना ऐंशीच्या वर गेलं की शिट्टी वाजल्यासारखा आवाज. दहाची नोट दरवाज्यात धरून बंद केला आणि ओढली, बाकी सगळीकडे घट्ट आणि तिथे सुळकन बाहेर. तेच त्यांना करून दाखवलं. स्ट्रायकर, म्हणजे दरवाज्याचं लॉक जिच्यात अडकतं ती कडी, आत सरकवला, वीस मिनिटांचं काम. दाखवल्याशिवाय ऐकत नाहीत हे खरंय.

होटगी रोड
माझं वाचा आणि घाई करू नका. माझ्याही बॉनेटचीच फट होती. मी रोज फोन करून मागे लागलो, शेवटी सर्व्हिसवाल्यांच्या पोराने संध्याकाळी पंधरा मिनिटांत "करून दिलं". बॉनेटची फट एकदम सारखी, मी खूश होऊन घरी आलो, दुसऱ्या दिवशी बायकोने ड्रायव्हर साईडचा दरवाजा उघडला तर टक् आवाज. त्याने बॉनेटला हात न लावता फेंडरच (पुढच्या चाकावरचा पत्रा) मागे ओढला होता, त्यामुळे दरवाज्याची कड फेंडरला घासायला लागली. ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडाला, खाली पांढरट प्रायमर दिसत होता. अकरा दिवसांची गाडी! आणि जॉबकार्डच (सर्व्हिस सेंटरची कामाची लेखी नोंद) काढलं नव्हतं, त्यामुळे ते म्हणाले आम्ही काही केलंच नाही. तीन आठवडे गेले, एरिया मॅनेजरला मेल केल्यावर दरवाजा आणि फेंडर दोन्ही रंगवून दिले, पण कंपनीचा रंग तो कंपनीचा रंग, मला उन्हात फरक दिसतो. म्हणून हात जोडून सांगतो, जॉबकार्डवर तक्रार लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. मिमीसकट लिहा, आणि कामाच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

अक्कलकोट रोड, डेंटिंगचं काम करतो
वरच्या मालकांचं वाचून वाईट वाटलं, कारण हे शिकवलं तर चुकत नाही. गाडीत दोन प्रकारचे पत्रे असतात बघा. मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा), छत, पिलर (छताचे खांब) हे वेल्डिंगचे, ते हलत नाहीत. दरवाजे, फेंडर, बॉनेट, डिक्की हे बोल्टवर, ते हलतात. म्हणून सुरुवात मागनं करायची. मागचा दरवाजा क्वार्टर पॅनलला जुळवा, पुढचा दरवाजा मागच्याला, मग फेंडर दरवाज्याला, मग बॉनेट फेंडरला, आणि हेडलाईट, बंपर सगळ्यात शेवटी. उलटं गेलं की एक फट मिटते, दुसरी उघडते. बॉनेट डावी-उजवी सरकवायची तर बिजागरीचे बोल्ट ढिले करून, आणि मग लॉक परत मधोमध आणायचं, नाहीतर बॉनेट लावताना ओढून जाग्यावर बसतं आणि लॉक झिजतं. उंची कमीजास्त असेल तर कोपऱ्यातले रबर फिरवून होते. यात हातोडी कुठेच नाही! नव्या गाडीला कुणी हातोडी किंवा लाकडाचा ठोकळा घेऊन आला तर थांबवा त्याला.
अजून एक, बंपर प्लॅस्टिकचा, आपल्या सोलापूरच्या उन्हात फुगतो. त्याची फट दुपारी दोनला मोजून भांडू नका, सकाळी सावलीत, सपाट फरशीवर बघा.

बाळे
दादा, बिजागरीच्या बोल्टचं विचारायचं होतं. माझ्या गाडीचा डिक्कीचा दरवाजा तिरका वाटत होता म्हणून बघितलं तर एका बोल्टच्या डोक्यावरचा रंग कोपऱ्यावर फुटलेला. मी शाळेत शिकवते, मला गाडीतलं काही कळत नाही, पण बाकीचे तीन बोल्ट गुळगुळीत आणि हाच का असा, हे डोक्यातून जाईना.

अक्कलकोट रोड
ताई, त्या बोल्टला पाना लागलाय. कंपनीत बॉडीसोबत बोल्टही रंगतात. फॅक्टरीतच जुळवताना फिरवलेला असू शकतो, लगेच संशय नको. रंगाची जाडी मोजायचं मशीन लावून घ्या. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) भरतो, पुट्टी असेल तर आकडा कितीतरी वर जातो. बंपरवर ते साधं मशीन चालत नाही, फक्त पत्र्यावर.

बाळे
मोजलं दादा. डिक्कीच्या खालच्या भागात 410, बाकी गाडी 120 च्या आसपास. म्हणजे मला द्यायच्या आधीच कुठेतरी धडकली होती आणि मला नवी म्हणून दिली. रात्रभर झोप नाही आली. 1915 या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, लेखी पत्र पोस्टाने रजिस्टर्ड पाठवलं. 2019 च्या ग्राहक कायद्यात जिल्हा आयोगाकडे जायला 2 वर्षांची मुदत आहे, वाट बघत बसणार नाही. काय होतं ते इथेच लिहीन.

मोहोळ
ताई, मागे हटू नका.
आम्ही बहिणीच्या गाडीला उरलेलं पेमेंट द्यायच्या आधी यार्डातच गेलो होतो. गाडी धुळीने भरलेली होती, पुसायला लावली, चॅसी नंबर लिहून घेतला, प्रत्येक फटीवरून अंगठा फिरवला. पहिली गाडी नको म्हटलं, दुसरी दाखवली. गाडीचा आरटीओ नंबर पडल्यावर बदलून देत नाहीत, जे काय ते त्याच्या आधी.

जुळे सोलापूर
काल गेलो होतो. होटगी रोडवाल्या दादांचं ऐकून जॉबकार्ड आधी, आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. बिजागरी ढिली केली, बॉनेट सरकवलं, लॉकही सरकवलं, वेळ लागला पण नीट केलं पोराने, वडिलांनी त्याला चहा पाजला. घरी येऊन परत कार्डं घातली. दोन्हीकडे पाच बसतात, सहावं बसत नाही. उजव्या हेडलाईटवरची लाईन अजून जरा खाली वाटते, ती जॉबकार्डवर लिहून घेतलीय, शुक्रवारी बोलावलंय.