अनुभव धागा: ‘बोजॅक हॉर्समन’चा शेवट पाहून तुम्हाला कोण आठवलं?

‘बोजॅक हॉर्समन’ ही नेटफ्लिक्सवरची अ‍ॅनिमेशन मालिका, नैराश्य आणि व्यसनांशी झगडणाऱ्या एका घोडा-नटाची. परवा तिचा शेवटचा भाग तिसऱ्यांदा पाहिला. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड केलंय.

शेवटून दुसऱ्या भागात बोजॅक स्विमिंग पूलमध्ये बुडत असतो. जानेवारी २०२० मध्ये तो पाहताना मला वाटलं, संपला. पण शेवटच्या भागात तो जिवंत आहे, तुरुंगात आहे आणि त्याची जुनी एजंट प्रिन्सेस कॅरोलिन हिच्या लग्नापुरता बाहेर आलाय. गच्चीवर त्याची जवळची मैत्रीण डायॅन हिच्याशेजारी बसतो, बोलणं हळूहळू संपतं. ना मरण, ना ठणठणीत बरं होणं. नऊ वर्षं डिप्रेशन सांभाळणाऱ्या मला असा शेवट याआधी कुणी दाखवला नव्हता.

तुमच्या घरातलं, तुमचं स्वतःचं लिहा. औषधांचे डोस मात्र नकोत.

नेरूळची मी
डायॅन गोळ्या सुरू करते, तिचं वजन वाढतं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहतं. माझं अकरा किलो वाढलं. हळदीकुंकवात तेवढंच दिसतं सगळ्यांना. मी वर्षभराने पुन्हा कामावर जायला लागले, ते कुणी विचारत नाही.

वागळे इस्टेट
आमच्याकडे पोरांनी दंगा केला की मोठी माणसं म्हणायची, ‘ठाण्याला पाठवू का?’ आम्ही ठाण्यातच राहायचो, तरी अर्थ कळायचा. १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय. माझी मावशी तिथे चार महिने होती आणि घरात सांगायचे, गावी गेलीय. आपल्या विनोदात वेडा माणूस आला की हसायचं ते त्याच्यावर. या मालिकेत मी खूप हसलो, पण मावशीवर हसतोय असं एकदाही वाटलं नाही.

कोपरीकर
पूलमध्ये उतरण्याआधी बोजॅकने डायॅनला फोनवर निरोप ठेवलेला असतो. ती दूर शिकागोत. तो मेला असं धरून तिने काढलेले तास ती त्याला गच्चीवर सांगते.

माझ्या भावाचा फोन रात्री पावणेदोनला आला होता. मी पुण्यात. शेजारच्या काकूंना उठवून त्याच्या दारात पाठवलं. दार उघडेपर्यंतची ती पंचवीस मिनिटं मी कुणाला सांगितली नव्हती. आजारी माणसावर रागवायचं कसं? मालिका संपल्यावर त्याला तलावपाळीवर नेलं आणि सांगितलं. बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, ‘दादा, तू कधी बोलतोस याचीच वाट बघत होतो.’

(धागाकर्ती: अशा रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये ठेवाच.)

ऐरोली
मला थोडं वेगळं म्हणायचंय. बोजॅकला शिक्षा होते ती परक्या घरात घुसल्याची, माणसं दुखावल्याची नाही. बाबांना बायपोलर आहे. आजार खरा आणि आईने सोसलेलंही खरं. डायॅन त्याला पुन्हा भेटेल असं मालिका कबूल करत नाही, त्याने मला धीर आला. आई गेल्या वर्षापासून वेगळी राहते. दर रविवारी येऊन बाबांच्या गोळ्यांचा डबा भरून जाते.