तारे मोजून पॉवर बँक घेणाऱ्यांनो, आधी वजन वाचा

कळव्याचा_सोल्डर
परवा इथे एकाने लिहिलं: "परदेशी साइटवरून ३०,००० एमएएचची पॉवर बँक ११०० रुपयांत आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडचे दुकानदार तीच तिप्पट भावाने विकतात. साडेचार तारे आणि फोटोवाले अभिप्राय बघायचे आणि डोळे झाकून ऑर्डर टाकायची." त्याखाली "लिंक द्या, लिंक द्या" अशी रांग लागली आहे. तिथे लिहिलं असतं तर बुडून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

बावीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. डोळे झाकून घेतलेल्या वस्तू शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

तारे राहू द्या, त्याच पानावर वजन काय दिलंय ते वाचा. १८६५० म्हणतात त्या मापाचा (बोटभर लांब, गोल) चांगल्यातला चांगला सेल ३,५०० एमएएचच्या आसपास साठा धरतो आणि वजनाला भरतो ४५ ते ५० ग्रॅम. ३०,००० गाठायला नऊ सेल हवेत. म्हणजे नुसते सेलच ४०० ग्रॅमच्या वर गेले, डबी आणि सर्किट वेगळं. पानावर वजन दिलंय २१० ग्रॅम. विकणाऱ्याने आपलं खोटं स्वतःच लिहून ठेवलंय आणि कोणी वाचत नाही.

पुढे, ३०,००० ला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की १११ वॉट-तास होतात. १०० च्या वर गेली की विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. तरी पान सांगतंय, "विमानात बिनधास्त न्या." या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

मात्र वजन जास्त भरलं म्हणून माल चांगला, असंही नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा पॉवर बँक घेऊन आला. हातात चांगली जड लागत होती. उघडली तर आत दोन सेल आणि बाकीच्या जागेत प्लास्टिकच्या पुडीत वाळू. सेलांचं वेष्टन कोरं, पण टोकांना जुन्या स्पॉट वेल्डिंगचे व्रण. कुठल्यातरी लॅपटॉपच्या बॅटरीतून उपटलेले. जादा चार्ज तोडणारं सर्किट बसवलेलंच नव्हतं. पोरगा ती उशाशी घेऊन झोपायचा. हे बघितल्यापासून "डोळे झाकून घ्या" असं कोणी लिहिलं की मला राहवत नाही.

आणि अभिप्राय लिहिणारा पार्सल आलं त्या दिवशी लिहितो: "पॅकिंग मस्त, वेळेत आलं." त्याने मोजलंय काय? काहीच नाही. तीन ताऱ्यांचे वाचा. सहा महिने वापरून परत येऊन लिहिणारे शोधा.

सातरस्ता
ते लिहिणारा मीच. नाव घेऊन बोललात तरी चाललं असतं.

तिकडचा आकडा फुगवलेला असतो हे मलाही कळतं. तिसरा हिस्सा धरायचा. १०,००० ची समजून ११०० दिले तर काय बिघडलं? वर्षभर रोज लोकलमध्ये वापरतोय, फोन एकदाही बंद पडलेला नाही. माझ्या दृष्टीने पैसे वसूल.

आणि तुम्ही "दुकानात हातात घेऊन बघा"वाल्यांपैकी असाल, तर हातात घेऊन आतला सेल दिसतो का? दुकानातला माल तरी कुठून येतो? मधल्या तीन जणांचं भाडं आणि नफा मी का भरू?

बुरशी_नको
परदेशी म्हणजे स्वस्तातला चिनी माल, एवढंच धरून दोघं भांडताय. मी जुन्या लेन्स जपानच्या विक्रेत्यांकडून मागवते. पहिल्यांदा फसले, कारण शीर्षकातलं "निअर मिंट" (जवळपास नवी) खरं मानलं. तिकडे "एक्सलंट प्लस फाइव्ह" लिहिलेली लेन्सही दिसायला बरी असते, इतकाच अर्थ घ्यायचा. खरं खाली लिहिलेलं असतं: बुरशी आहे की नाही, धूसरपणा किती, आतलं छिद्र लहान-मोठं करणारी पाती तेलकट आहेत का. आणि लेन्सच्या मागून टॉर्च मारून काढलेला फोटो आहे का ते बघायचं. नसेल तर मागायचा. द्यायला का कू केली की सोडून द्यायची.

हिशेबही पूर्ण मांडा. लेन्स ९,०००, टपाल २,२००, आणि कस्टम्स लागतं दोन्हींच्या बेरजेवर, नुसत्या लेन्सवर नाही. मला साडेचार हजारांच्या आसपास पडलं. म्हणजे १५,७००. मुंबईत फोर्टातल्या दुकानात हीच १४,००० ला होती. तरी मी जपानची घेतली, कारण फोर्टातल्या लेन्सच्या आत कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती आणि दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही धूळ आहे." वर पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के वेगळे पडतील. मग हातात घेऊन बघण्याचा फायदा कोणाला झाला?

दुकानाचा_गल्ला
झालं, आली गाडी दुकानदारांवर. आमचं इलेक्ट्रिकचं दुकान वडिलांनी १९८७ मध्ये टाकलं. भाडं, लाइट बिल, दोन पोरांचा पगार. गिऱ्हाईक येतं, अर्धा तास माल हाताळतं, फोटो काढतं, घरी जाऊन साइटवर स्वस्त शोधतं. तिकडचा माल बिघडला की परत आमच्याचकडे, "जरा बघता का?" बिलाशिवाय द्या असं दहातली सात गिऱ्हाईकं स्वतः म्हणतात. ते कोणी लिहीत नाही.

बुरशी_नको
मी बिल मागितलं होतं. मला त्या सातांत ढकलू नका.

मुलुंडची_आई
बिलाचा विषय निघालाय तर सांगतेच. एप्रिल २०२१. सासऱ्यांना ताप, घरात ऑक्सिमीटर नाही, कुठे मिळत नव्हता. आमच्याच गल्लीतल्या एका दुकानदाराने २,८०० ला दिला. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, बिलही नाही. "सध्या बिल नाही मिळणार, घ्यायचं तर घ्या." सासऱ्यांचं बोट घातलं, ऑक्सिजन ९७. आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी ते बोलताना अडखळायला लागले, तरी ९७. मुलाने त्यात पेन्सिल घातली. पेन्सिलीचंही ९७ आलं.

त्या रात्री ॲडमिट केले. वाचले. पण मी तक्रार कुठे आणि कशाच्या आधारावर करणार होते? हातात एक कागद नव्हता. परदेशी विक्रेत्याकडून निदान ऑर्डरचा ईमेल तरी येतो.

दुकानाचा_गल्ला
ताई, ते पाप आहे. असल्याची बाजू मी घेत नाही. पण एकाने केलं म्हणून सगळ्या दुकानांना एकाच तराजूत तोलू नका.

हिशेब_वही
मी अकाउंट्सचं काम करते. बिलाबाबत दोन गोष्टी एकदा लिहून ठेवते, दर वेळी तोच घोळ होतो. छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळे १८ टक्के मागताच येत नाहीत. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपये किंवा त्यावरच्या विक्रीवर बिल द्यावंच लागतं, गिऱ्हाइकाने मागो न मागो. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणीच नसेल, तर जीएसटी घेण्याचा हक्कही नाही. मग १८ टक्के जातात कुठे?

दुकानाचा_गल्ला
कायदा आम्हालाही माहीत आहे. वरून माल बिलाशिवायच आला तर खाली बिल फाडायचं कशावर? होलसेलवाल्याला विचारा ना कोणीतरी. मार सगळा आमच्यावर.

हिशेब_वही
म्हणजे तुमच्याकडेही तो माल कुठून आला याचा कागद नाही. मग "हातात घेऊन बघा" म्हणून विकताय काय?

दुकानाचा_गल्ला
सगळाच माल तसा नसतो. कळत नसलेल्या धंद्यावर बोलू नका.

सातरस्ता
बघा, माझंच म्हणणं सिद्ध झालं. कागद इथेही नाही, तिथेही नाही. मग स्वस्त तरी घ्या.

कळव्याचा_सोल्डर
सिद्ध काही झालेलं नाही. मुलुंडच्या ताईंचं वाचून पोटात गोळा आला, आणि दुकानातला माल आपोआप खरा नसतो हे मान्य. मी तसं लिहिलंही नव्हतं. पण ताई, ऑर्डरचा ईमेल हातात असून पुढे काय? २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, २०२० चे ई-कॉमर्स नियम बाहेरून इथे नेमाने विकणाऱ्यांनाही लागू आहेत. पण ज्याचा इथे पत्ताच नाही त्याला नोटीस बजावायची कुठे? इथल्या दुकानाची पायरी तरी चढता येते. म्हणून कागद इथे मागा, आणि हट्टाने मागा.

पॉवर बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-क्रमांक, म्हणजे "R-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीच्या, कोणत्या वस्तूसाठी दिलाय ते कळतं. दुसऱ्याचाच क्रमांक छापलेला मी पाहिलाय, म्हणून नुसता शिक्का बघून थांबू नका.

सातरस्ता, तुमचा तिसऱ्या हिश्शाचा हिशेब मला पटत नाही, कारण खोटं फक्त आकड्यात असेल असं तुम्ही धरताय. जो ३०,००० चं खोटं बिनदिक्कत छापतो, त्याने आत संरक्षणाचं सर्किट मात्र प्रामाणिकपणे बसवलं असेल हे कशावरून? आकडा तिसरा हिस्सा धरता येतो. सर्किट एकतर असतं किंवा नसतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा, तुमची पॉवर बँक ठेवा आणि आकडा इथे लिहा.

सातरस्ता
२१८ ग्रॅम.

ठीक आहे. ३०,००० नाही, हे मी आधीच म्हटलं होतं. पण वर्षभर चाललीय, हेही तितकंच खरं आहे.

बुरशी_नको
फुगलीय का ते बघा. सपाट टेबलावर ठेवा, डुलते का?

सातरस्ता
किंचित. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की समोरचा कोपरा उचलतो. आधी लक्षात आलं नव्हतं.

कळव्याचा_सोल्डर
आता ती चार्जिंगला लावू नका, आणि फोनलाही नको. लोकलमध्ये तर अजिबात नको, दाबली जाऊन पेटली तर आवरणार नाही. दाबून, टोचून बघू नका. पलंगापासून, पडद्यापासून लांब, बाल्कनीत लादीवर सावलीत ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कुठे राहता? उद्या संध्याकाळी मीच येऊन घेऊन जातो.

सातरस्ता
करी रोड. सहाच्या पुढे घरी आहे. त्या धाग्यावरची लिंक काढून टाकतो.